पडद्यावरची बंदूक खरी कशी वाटेल: सेटवर नव्याने प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यांसाठी

शॉर्टफिल्मची, वेब मालिकेची किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टची प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात लागणाऱ्या वस्तू, पहिल्यांदाच तुमच्याकडे आली आहे आणि स्क्रिप्टमध्ये ‘तो पिस्तूल रोखतो’ असं एक वाक्य आहे. वाक्य छोटं आहे, पण त्यातून बरेच प्रश्न निघतात. पिस्तूल कोणतं, आणायचं कुठून? पोलिसांना कळवायचं का? खेळण्यातलं घेतलं तर लोक हसतील का? मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करताना हे सगळं केलं आहे. ते शिकवणारं पुस्तक तेव्हा हाताशी नव्हतं. सेटवर प्रत्येक जण वेगळं सांगायचा आणि त्यातलं निम्मं चुकीचं असायचं. म्हणून क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो. प्रेक्षकाला बंदूक खरी वाटते ती कलाकाराच्या पकडीमुळे, आवाजामुळे, गोळ्यांच्या हिशोबामुळे आणि समोरच्याच्या प्रतिक्रियेमुळे. छोट्या सेटवर बार काढणारं कोणतंही हत्यार आणायची गरज नाही.

## १. आधी प्रसंग वाचा, मग बाजारात जा

स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे हत्यार आहे ती पानं वेगळी काढा आणि प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहा. बंदूक कॅमेऱ्यापासून किती लांब आहे? ती हातात आहे, कमरेला आहे की नुसती टेबलावर पडली आहे? गोळी सुटताना दिसायला हवी, की फक्त ऐकू आली तरी चालेल?

मग दिग्दर्शकासोबत बसा. बहुतेक वेळा क्लोज-अपचा शॉट एखाद-दुसराच निघतो आणि बाकी सगळीकडे लांबून आकार कळला तरी भागतं. गोळी सुटतानाचे निम्मे शॉट समोरच्याच्या चेहऱ्यावर घेता येतात आणि ते जास्त परिणामकारक होतात. ही यादी हातात नसताना प्रॉपर्टीवाल्याकडे गेलात, तर तो त्याच्याकडे जे पडलं असेल तेच तुमच्या गळ्यात मारेल.

## २. कुणाच्या हातात काय असतं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या टाळायला एक पैसाही लागत नाही. काळ, माणूस आणि त्याचं खातं या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

शिवकाल. बंदूक तोड्याची, म्हणजे पेटती वात बारुदीला लावून उडणारी. बार उडवायचा तर तोडा जळत असला पाहिजे. एक बार झाला की पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, बंदुकीच्या कानात, म्हणजे वात टेकते तिथल्या भोकात, बारीक दारू घाला. यात अर्धं मिनिट सहज जातं. मावळा लागोपाठ तीन बार काढताना दाखवलात तर प्रसंग तिथेच पडतो. उलट, ठासण्याची ती धडपड दाखवलीत तर ताण आपोआप तयार होतो. भर पावसातला बंदुकीचा बारही विसरा, कारण भिजलेला तोडा आणि भिजलेली दारू निकामी असते.

१८५७. एन्फिल्ड रायफल ही ठासणीचीच. कागदी काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची आणि ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. काडतूस दातांनी फाडण्यावरूनच तर रान पेटलं, त्यामुळे ही क्रिया नीट दिसलीच पाहिजे.

क्रांतिकारकांचा काळ. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. हे मॅगझिन, म्हणजे दस्त्यात बसणारी गोळ्यांची पेटी, असलेलं आणि प्रत्येक गोळीबरोबर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे येणारं पिस्तूल. शाळा-कॉलेजांच्या सादरीकरणात त्यांच्या हाती गोळ्यांच्या गोल फिरत्या चेंबरचं रिव्हॉल्व्हर सर्रास दिसतं. खऱ्या माणसाची गोष्ट सांगताय, तर तेवढं तरी बरोबर ठेवा.

सैन्य. १९६२ च्या युद्धात जवानांच्या हाती थ्री नॉट थ्री, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढायची .३०३ ची रायफल, होती. १९७१ मध्ये ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, आणि स्टर्लिंग जातीची आखूड कार्बाइन. इन्सास ही भारतीय बनावटीची रायफल आली १९९० च्या दशकाच्या शेवटी. बांगलादेश युद्धाच्या प्रसंगात इन्सास दिसली, की फौजेतला प्रत्येक प्रेक्षक तुमच्यावरचा विश्वास तिथेच सोडतो. साताऱ्या-कोल्हापुरात असा प्रेक्षक घरटी एक सापडेल.

पोलीस. हवालदाराकडे कित्येक वर्षं थ्री नॉट थ्री होती. त्याआधी आणि तिच्या जोडीने .४१० ची एकबारी मस्केटही चालायची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीही मुंबईत अनेक पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होती, आणि कितीतरी जणांकडे फक्त लाठी. अधिकाऱ्याच्या कमरेला जुन्या काळात .३८ चं रिव्हॉल्व्हर, पुढच्या काळात ९ मिलिमीटरचं पिस्तूल. ईशापूरला बनणारं हे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या जातीचं, मागे हॅमर, म्हणजे आपटून गोळी उडवणारा छोटा खटका, असलेलं. साध्या चौकीतल्या फौजदाराला ग्लॉक हे परदेशी पिस्तूल देऊ नका. ते विशेष पथकांच्या हाती शोभतं.

टोळीयुद्ध आणि १९९३. त्या काळातल्या मुंबईच्या बातम्यांत आणि खटल्यांत एके-५६ हे नाव सतत येतं. ती चिनी बनावटीची. एके-४७ सारखीच दिसते, पण नळीच्या टोकाशी नेमासाठी असलेल्या माशीभोवती पूर्ण गोल कडं असतं आणि बऱ्याच रायफलींच्या नळीखाली घडीची संगीन असते. ज्याला कळतं त्याला या दोन खुणा पुरतात.

सामान्य नागरिक. ९ मिलिमीटर हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, आहे, तो साध्या परवान्यावर मिळत नाही. परवानाधारक बिल्डर किंवा सराफ दाखवायचा असेल तर .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल द्या. कोकणातल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते, एकनळी किंवा दुनळी बारा बोअर, काही घरांत अजून ठासणीची. गावगुंडाकडे गावठी कट्टा. कट्ट्यात एका वेळी एकच काडतूस बसतं. त्याने तीन गोळ्या झाडल्या तर मधे दोनदा तो उघडून भरावा लागेल.

## ३. प्रॉपर्टीचे प्रकार ओळखा

सेटवर ‘डमी’ हा एकच शब्द चार वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. त्यामुळे गैरसमज होतात आणि कधी कधी ते जिवावर बेततात. ऑर्डर देताना पुढच्यापैकी नेमकं काय हवं ते उच्चारा.

रबरी किंवा फायबरची बंदूक. आतून भरीव, काहीच हलत नाही. मारामारी, पळणं, पडणं, कमरेला खोचणं यासाठी हीच वापरा. धातूची बंदूक अंगाखाली येऊन बरगडीला लागते.

हलणारे भाग असलेली प्रतिकृती. स्लाइड ओढता येते, मॅगझिन निघतं, ट्रिगर दबतो, पण त्यातून काही सुटत नाही. क्लोज-अपसाठी ही उत्तम.

एअरसॉफ्ट. प्लास्टिकची गोळी फेकणारं. गॅसवर चालणाऱ्या प्रकारात स्लाइड खरोखर मागे-पुढे होते, म्हणून ते पडद्यावर फार छान दिसतं. मात्र ते रिकामं असल्याची खात्री प्रत्येक टेकआधी करावी लागते, कारण त्या गोळीने डोळा जाऊ शकतो. परदेशातून ऑनलाइन मागवायच्या भानगडीत पडू नका, कस्टममध्ये अडकतं. छऱ्यांची एअरगन तर या कामाला बिलकुल नको. ती सेटवर खेळणं समजून हाताळली जाते आणि तिचा छरा खोलवर घुसतो.

ब्लँक उडवणारं हत्यार. काडतुसात दारू असते, पुढे गोळी नसते. ज्वाळा, आवाज, काडतुसाची रिकामी पुंगळी सगळं खरं मिळतं. पण जवळून तो वायूचा झोत मारक असतो. अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने ऑक्टोबर १९८४ मध्ये मालिकेच्या सेटवर .४४ मॅग्नमचं ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर गंमत म्हणून कानशिलाला लावलं आणि ट्रिगर दाबला. नुसत्या झोताने कवटीचं हाड आत गेलं आणि काही दिवसांत तो गेला. अशी हत्यारं आणि काडतुसं परवानाधारक पुरवठादार, त्याचा स्वतःचा माणूस आणि अनुभवी फाइट मास्टर या तिघांशिवाय सेटवर येता कामा नयेत. या लेखाच्या वाचकांसाठी माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे.

याच यादीत डमी काडतूसही येतं. क्लोज-अपमध्ये रिव्हॉल्व्हर भरताना दाखवायला ते लागतं. दिसायला हुबेहूब, पण दारू आणि जिवंत प्रायमर, म्हणजे बुडाशी बसवलेली ठिणगी पाडणारी टोपी, नसतो. चांगल्या डमीत आत छोटा छरा असतो, हलवलं की वाजतो. काहींच्या पुंगळीला बाजूने भोक असतं. वाजत नसेल आणि भोकही नसेल, तर ते बाहेर ठेवा आणि काम थांबवा.

## ४. कागदपत्रं आणि परवानग्या

खरं हत्यार जवळ बाळगायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो आणि तो त्या माणसाच्या नावावर असतो. त्यामुळे ‘माझ्या मामाची लायसनची रिव्हॉल्व्हर आहे, दोन तासांसाठी आणतो’ हा प्रस्ताव कितीही प्रेमाने आला तरी हात जोडून नाकारा. मामाचा परवाना जाईल आणि कलाकार विनापरवाना शस्त्र हाताळल्याच्या गुन्ह्यात सापडेल. याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नकली बंदुकीचं परवान्याशिवाय खऱ्या हत्यारात रूपांतर करणं हाही गुन्हा आहे. म्हणून प्रतिकृतीची बंद नळी ड्रिलने आरपार करायचा उद्योग करू नका. तोंडाशी थोडी खोली दिसावी म्हणून काळा रंग पुरतो.

शूटिंगच्या परवानगीसाठी महाराष्ट्रात एक खिडकी योजना आहे. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ, म्हणजे गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीचं कार्यालय, ती चालवतं. त्याशिवाय स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन हत्याराच्या प्रसंगाबद्दल लेखी कळवा. खासगी बंगल्यात शूट असलं तरी कळवा, कारण खिडकीतून बघणाऱ्या शेजाऱ्याला तुमची स्क्रिप्ट माहीत नसते.

सोबत ठेवायची फाइल:

- निर्मिती संस्थेच्या किंवा कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र. त्यात तारीख, वेळ, जागा, आणि ‘सर्व हत्यारं नकली आहेत’ असं स्पष्ट वाक्य
- त्या प्रसंगाची स्क्रिप्टची पानं
- प्रत्येक नकली हत्याराचा फोटो आणि संख्या
- पुरवठादाराचं चलन किंवा भाड्याची पावती
- जागामालकाचं ना-हरकत पत्र
- हत्यार हाताळणाऱ्या कलाकारांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती
- हत्यार नेणाऱ्या गाडीचा नंबर
- पोलीस ठाण्याचा शिक्का असलेली तुमच्या अर्जाची पोच

शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा. त्याच्या दोन प्रती काढा, एक सेटवर आणि एक गाडीत. पोलीस ठाण्यागणिक मागण्या थोड्या वेगळ्या असतात, तेव्हा शूटच्या आदल्या दिवशी धावत जाऊ नका. आठवडाभर आधी जा, ठाणे अंमलदारांशी शांतपणे बोला, त्यांना स्क्रिप्ट दाखवा. माझा अनुभव असा की आधी गेलेल्या मुलांना पोलीस मदतच करतात.

## ५. स्वस्तातली वस्तू खरी दिसावी म्हणून

खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची बंदूक फसते तीन कारणांनी. मधोमध दिसणारी जोडाची रेघ, एकसारखी चकाकी आणि हलकेपणा.

रेघ आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ८०० ने. खोल फट असेल तर थोडी लांबी (पुटी) भरा. त्यावर काळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, आणि मग मॅट काळा स्प्रे, दोन पातळ हात. जाड हात मारलात तर कोरीव नक्षी बुजते. पूर्ण वाळल्यावर पेन्सिलच्या शिशाची पूड बोटावर घेऊन फक्त कडांना चोळा. वापरून वापरून खऱ्या लोखंडाचा रंग जिथे उडतो, तिथेच ती चमक यायला हवी: नळीचं तोंड, स्लाइडच्या कडा, ट्रिगरभोवतीचं कडं. लाकडी दस्त्याला तपकिरी रंगावर बुटाचं गडद पॉलिश लावून फडक्याने पुसा. पोलिसांच्या जुन्या रायफलीचा दस्ता हातांच्या घामाने काळवंडलेला असतो, नव्या फर्निचरसारखा चमकत नाही.

आता वजन. भरलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल एक किलोच्या आसपास असतं, एसएलआर आणि इन्सास चार किलोंच्या घरात. खेळणं दोनशे-अडीचशे ग्रॅमचं असेल तर कलाकार ते नकळत टीव्हीच्या रिमोटसारखं हलवतो, मग रंग कितीही छान असला तरी फुकट. दस्ता उघडून आत मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं किंवा लोखंडी नट भरा, रिकाम्या जागेत कापूस कोंबा म्हणजे वाजणार नाही. या एका उपायाने अभिनयात जो फरक पडतो, तो महागड्या प्रतिकृतीनेही पडत नाही.

काही खेळण्यांचं टोक नारिंगी असतं. अमेरिकेतल्या नियमामुळे ती पद्धत रूढ झाली. शूटसाठी ते काळं कराल, पण कॅमेरा बंद असताना त्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा.

## ६. कलाकाराचा हात

तालमीसाठी निदान दोन बैठका मागून घ्या. सेटवर वेळ मिळत नाही.

पहिली गोष्ट, बोट. हत्यार वापरणारा प्रशिक्षित माणूस नेम धरेपर्यंत ट्रिगरवर बोट ठेवत नाही. ते बाहेर, चौकटीला लागून सरळ असतं. पोलीस किंवा जवानाचं पात्र असेल तर हे घटवून घ्या. पात्र नवखा गुंड असेल तर बोट ट्रिगरवरच ठेवू द्या, त्याने त्याचा कच्चेपणा कळतो.

दुसरी, पकड. दोन्ही हातांनी, कोपर किंचित वाकवून, अंग पुढे झुकवून उभं राहणं ही अलीकडच्या प्रशिक्षणातली पद्धत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस पिस्तूल एका हाताने, बाजूला वळून, हात लांब करून धरेल.

तिसरी, धक्का. नकली बंदूक मागे उसळत नाही, तो धक्का कलाकारालाच द्यावा लागतो. नवखे हात वर फेकतात. खरा धक्का आधी तळव्याला, मनगटाला आणि खांद्याला जाणवतो, नळी जेमतेम वर जाते आणि लगेच खाली येते. रायफलीचा धक्का खांदा मागे ढकलतो. डोळे मिचकावले जाणं स्वाभाविक आहे, पण सराईत नेमबाजाच्या पात्राला ते शोभत नाही. गॅसच्या एअरसॉफ्टवर तालीम केली की कलाकाराला लय सापडते.

आता काही सवयी मोडून काढा. धमकी देताना दर वेळी स्लाइड ओढायची नसते. नळीत काडतूस आधीच असेल तर ते बाहेर उडून जमिनीवर पडेल. रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या उडत नाहीत, त्या चेंबरमध्येच राहतात. ग्लॉकला बाहेर हॅमर नसतो, त्यामुळे तो अंगठ्याने मागे ओढल्याचा आवाज लावू नका. शेवटची गोळी गेल्यावर बहुतेक आधुनिक पिस्तुलांची स्लाइड मागेच अडकते. म्हणून रिकामं पिस्तूल पुन्हा पुन्हा ‘टक टक’ वाजवणं चुकीचं, आणि रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र अगदी बरोबर.

गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडत नाही. तो खाली बसतो, वाकतो, कधी कधी काही पावलं चालतोही. रक्तासाठी कपड्याआड स्फोटक फुटाणे लावायचे प्रयोग घरी करू नका. बारीक नळी, सिरिंज आणि ती दाबणारा एक सहायक कॅमेऱ्याबाहेर, एवढं पुरतं. घट्ट साखरेच्या पाकात लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको घातला की रंग योग्य येतो.

## ७. सेटवरची शिस्त

हा भाग घाईत वाचू नका.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमीत सिनेमॅटोग्राफर हेलिना हचिन्स यांचा गोळी लागून मृत्यू झाला, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. अभिनेत्याच्या हाती रिव्हॉल्व्हर देताना ‘कोल्ड गन’, म्हणजे हत्यार निर्धोक आहे, असं जाहीर केलं होतं. आत जिवंत काडतूस होतं. सेटवर जिवंत काडतुसं असायलाच नको होती, आणि भरलेलं प्रत्येक काडतूस वाजवून पाहिलं असतं तरी ते कळलं असतं. हत्यारांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली.

३१ मार्च १९९३ ला ‘द क्रो’ या इंग्रजी चित्रपटाच्या सेटवर अभिनेता ब्रँडन ली मरण पावला, त्यामागची साखळी प्रत्येक प्रॉपर्टीवाल्याने पाठ करावी अशी आहे. क्लोज-अपसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी बनवली, पण प्रायमर तसेच राहिले. ट्रिगर दाबला गेल्यावर प्रायमरच्या जोराने गोळी नळीत सरकून अडकली. कुणी नळी तपासली नाही. पुढच्या प्रसंगासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं, ते उडालं आणि अडकलेली गोळी बाहेर आली.

या दोन्ही सेटवर पैसा होता, माणसं होती. पाळायचे नियम साधे आहेत:

- हत्यारांची पेटी आणि किल्ली एकाच माणसाकडे. तोच देणार, तोच परत घेणार.
- टेक संपला की हत्यार त्याच्या हातात. कलाकार ते घेऊन चहाला जाणार नाही, सेल्फी काढणार नाही.
- देताना कलाकारासमोर उघडून दाखवायचं: मॅगझिन, चेंबर, नळी. कलाकाराने स्वतः पाहून मान डोलावल्याशिवाय घ्यायचं नाही. कॅमेरामन आणि समोरच्या कलाकारालाही दाखवा.
- सेटवर खरं हत्यार नको म्हणजे कुणाचंच नको. पाहुण्याची परवान्याची रिव्हॉल्व्हर आणि बँकेच्या सुरक्षारक्षकाची दुनळीसुद्धा सेटपासून दूर.
- नकली असली तरी थेट माणसावर नेम नको. खांद्याच्या बाहेर, थोडं बाजूला. योग्य कोनातून कॅमेऱ्याला तो फरक दिसत नाही.
- ‘कट’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला, स्पॉट दादालाही.

‘नकलीच तर आहे, कशाला एवढं?’ असं कुणीतरी म्हणेलच. नकलीवर लागलेली सवयच पुढे मोठ्या सेटवर कामाला येते. शिवाय निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे आणि मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं.

## ८. गोळी एडिटिंगच्या टेबलावर सुटते

‘रस्ट’ नंतर अमेरिकेतल्या काही मालिकांनी आणि निर्मात्यांनी खरी हत्यारं बंद करून एअरसॉफ्ट आणि संगणकावरची ज्वाळा हा मार्ग धरला. तुम्हाला तो पहिल्या दिवसापासून खुला आहे.

नळीच्या तोंडाची ज्वाळा एका फ्रेमपुरती ठेवा, फार तर दोन. सेकंदाला २४ फ्रेम आणि नेहमीचं शटर असेल तर शटर निम्मा वेळ बंदच असतं, त्यामुळे खऱ्या गोळीबाराच्या चित्रणातही कितीतरी ज्वाळा निसटतात. सलग बारांत प्रत्येकाला ज्वाळा लावायचा अट्टहास नको. भर उन्हात तर ती जवळपास दिसत नाही. रात्रीच्या प्रसंगात चेहऱ्यावर आणि भिंतीवर उजेड पडला पाहिजे, त्यासाठी शूट करतानाच छोट्या एलईडी लाइटचा एक झटका द्या. ज्वाळा नंतर चिकटवता येते, चेहऱ्यावरचा उजेड चिकटवणं अवघड.

आवाजावर मात्र मनापासून मेहनत घ्या. लायब्ररीतला एकच ‘ढिश्क्यांव’ सगळीकडे लावू नका. बंद खोलीत आवाज कोंडतो आणि त्यानंतर कान सुन्न होतात. चाळीच्या चौकात तो भिंतींवरून परत येतो. माळरानावर कोरडा फटका बसतो आणि लांबवर गडगड विरत जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा समोरच्या डोंगरावरून झालेल्या बाराची ज्वाळा आधी आणि आवाज नंतर आला पाहिजे. सायलेन्सरने आवाज ‘फुस्स’ होत नाही. तो साधारण वीस-तीस डेसिबलने कमी होतो, तरी शेजारच्या खोलीत कळतोच.

आणि गोळ्या मोजा. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा ६, ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये १३, थ्री नॉट थ्रीत १० आणि प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढणं. एसएलआर आणि इन्सासच्या मॅगझिनमध्ये २०, एके मध्ये ३०. एके चा वेग मिनिटाला ६०० च्या आसपास, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. इन्सास रायफल एकेक किंवा एका वेळी तीन-तीन गोळ्या अशी चालते, सलग नाही. एडिटरच्या शेजारी कागद घेऊन बसा आणि प्रत्येक बारावर रेघ मारा. मॅगझिन बदलण्याचा शॉट हवा असं इथे लक्षात येतं, म्हणून तो शूटच्या यादीत आधीच घाला.

## ९. ने-आण आणि परतफेड

नकली हत्यार सेटच्या हद्दीबाहेर उघडं दिसता कामा नये. मे २०१९ मध्ये वसईत दहशतवाद्याच्या वेशात बाहेर फिरणाऱ्या दोन ज्युनिअर कलाकारांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. ते शूटिंगसाठी आले होते, आणि पाहणाऱ्यांनी घाबरून पोलिसांना कळवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत वेशभूषा झाकायला शर्ट किंवा शाल द्या आणि हत्यार पेटीत.

पेटी कुलूपबंद, बाहेर ‘चित्रीकरणाची नकली हत्यारं’ असा कागद आणि आत फाइलची प्रत. लोकल, मेट्रो आणि रिक्षा टाळा, स्वतःची गाडी करा. मेट्रोच्या स्कॅनरमध्ये पिस्तुलाचा आकार दिसला की तुमची सकाळ गेली. विमानात नकली किंवा खेळण्यातलं हत्यारही केबिन बॅगेत चालत नाही. ते चेक-इन सामानात टाकायचं आणि काउंटरवर आधी सांगायचं. हत्यारबंद पोलिसाने हटकलं तर पेटीला हात लावू नका. हात दिसतील असे ठेवा, ‘आत नकली हत्यारं आहेत, कागद गाडीत आहेत’ एवढंच सांगा आणि पेटी त्यांनाच उघडू द्या.

पॅक-अप झाल्यावर फोटोंची यादी घेऊन प्रत्येक वस्तू मोजा. डमी काडतुसं एकेक करून मोजा, वाजवून पाहा. एखादं कमी भरलं तर कलाकारांच्या खिशात आणि कपड्यांच्या पेटीत शोधा, ते मिळेपर्यंत गाडी सोडू नका. ते एखाद्या लहान मुलाच्या किंवा चौकीवरच्या पोलिसाच्या हाती लागलं तर खुलासे देत बसावं लागेल. पुरवठादाराकडे माल परत करताना चलनावर ‘सर्व वस्तू मिळाल्या’ असं लिहून सही घ्या आणि ते चलन पोलीस ठाण्याच्या पोचेला टाचून ठेवा.